सुतळीत बांधलेला कागद

सोमवारी, मार्चच्या बारा तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी गिरणीचा भोंगा वाजवला. गिरणी सुटायची वेळ साडेपाच, आणि सगळं गाव त्याच भोंग्यावर चाले. मी अकरा मिनिटं वाजवत राहिलो. अडीच हजार माणसं गिरणीबाहेर आली, सोलापुरातल्या तीन शाळा सुटल्या, कोर्टात एका साक्षीदाराने अर्धं वाक्य बोलून टोपी घातली आणि तो घरी गेला, आणि माझी नोकरी गेली.

यातलं काहीच झालेलं नाही. असं समजून पुढं वाचावं. मीही तसंच समजून लिहितोय, कारण त्याशिवाय मला गुरुवारपासून सुरुवात करता येत नाही, आणि सगळा घोळ गुरुवारचा आहे. तेव्हा भोंगा वाजलेला नाही, साक्षीदार अजून बोलतोय, मी टाइम ऑफिसात धाकटा कारकून आहे आणि गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मी टेबलापाशी बसून कामाला सुरुवात करण्याच्या बेतात आहे.

बेतात असण्यात माझा हात कुणी धरला नसता. पेन्सिलीला टोक काढायचं, हजेरीपटावर रेघा मारायच्या, दौतीत शाई आहे की नाही ते बघायचं, असली तर जरा जास्तच आहे का ते बघायचं. एवढं होईतो जेवणाची सुट्टी होई. मी आळशी होतो असं कुणी म्हणू नये. मी दिवसभर राबायचो. फक्त ज्या कामासाठी पगार होता ते काम सोडून.

आमचे हेडक्लार्क शिवशरणप्पा. त्यांना मॅनेजरसाहेबांची भीती वाटे आणि मला त्यांची. ऑफिसात भीती वरून खाली यायची, कागद खालून वर जायचे आणि दोघांची गाठ माझ्या टेबलावर पडायची. ही गाठ सुटावी म्हणून शिवशरणप्पांनी दिवाळीत 'निकडीचा नियम' काढला. खात्याखात्यातून येणारा प्रत्येक कागद दोऱ्यात बांधून यावा. लाल दोरा म्हणजे आजच्या आज. हिरवा म्हणजे या आठवड्यात. पांढरा म्हणजे सवडीने. दोरा फुकट होता, गिरणीच होती ती.

पहिला आठवडा छान गेला. पण कापडाच्या गिरणीत दोऱ्याचा नियम करणं म्हणजे नदीकाठी पाण्याचं नाणं पाडणं. आमच्याकडे सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तसा विणकर कानावर दोरा ठेवतो. बायकांच्या अंबाड्यात दोरा, मुकादमाच्या मिशीत दोरा. ज्याला लाल दोरा मिळत नाही असा माणूसच नव्हता. नाताळापर्यंत हिरवा दिसेनासा झाला. संक्रांतीला पांढरा गेला. फेब्रुवारीत माझ्या टेबलावर शंभर टक्के लाल होतं. 'पिकदाणी फुटल्याबाबत' लाल. 'दोन नंबर शेडमधील मांजरास दूध मंजूर करण्याबाबत' लाल, आणि वर दोन गाठी.

सगळंच आजच्या आज असेल, तर आज कशालाच हात न लावणं हा एकच निःपक्षपाती मार्ग उरतो. मी तो धरला.

तर गुरुवार. सव्वाअकरा. खिडकीशी सोमलिंग आला.

सोमलिंग बॉयलरवर आगवाला होता. आमच्याच मैंदर्गी गावचा. आम्ही मेंढरं विकून सोलापुरात आलो तेव्हा माझ्या आईला गिरणीत त्यानेच लावलं. वीस वर्षं भट्टीपुढं उभं राहून त्याच्या दोन्ही भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळं त्याचा चेहरा सदाच कोरा दिसे. तो हसतोय, रागावलाय की घाबरलाय, कळायला मार्ग नसे.

"तम्मा," तो म्हणाला. तो मला धाकटा भाऊ म्हणायचा, कानडीतून. "हे सायबाला दे."

कागद कोळशाच्या वाघिणीवरची चिठ्ठी होती, पाठीमागं लिहिलेलं. आणि बांधला होता सुतळीनं.

"दोरा कुठाय?" मी विचारलं.

"बॉयलरात दोरा कुटला रं? कोळसा हाय, पानी हाय, सुतळी हाय."

खरं होतं. अख्ख्या गिरणीत दोरा नसलेली जागा ती एकच.

मी सुतळी सोडून कागद वाचला. 'दोन नंबर बॉयलरचा सेप्टी वाल आडकतो. जादा वाफ सोडत न्हाई. हातोडी मारली तर उगडतो. कदी मारून बी न्हाई. बॉयलर गार करून वाल काढावा लागंल. तशी चिट्टी द्यावी. सोमलिंग.'

बॉयलरमधलं मला काही कळत नव्हतं. पण एवढं कळत होतं की बंद भांड्यात वाफ कोंडली आणि तिला वाट मिळाली नाही, तर ती स्वतः वाट करते. आणि दुसरं एक ठाऊक होतं. दोन नंबर बॉयलरच्या पाठीशी विटांची भिंत आहे. भिंतीपलीकडं रीळ खातं आहे, तिथं साठ बायका सुताच्या लड्या काढतात. भिंतीपासून तिसऱ्या रहाटावर बजाबाई बसते. बजाबाई म्हणजे माझी आई.

मी कागद पुन्हा सुतळीत बांधला, जसा होता तसा.

ज्या कागदाची भीती वाटते तो मी टेबलावर जरासा लांब सरकवतो. फार नाही, चार बोटं. मग त्याच्याकडं न बघता दुसरं काहीतरी करतो, आणि थोड्या वेळानं तो आणखी चार बोटं लांब गेलेला असतो. बारा वाजेपर्यंत तो टेबलाच्या कडेला गेला. तेव्हा तो घेऊन मी शिवशरणप्पांपुढं उभा राहिलो.

"अण्णा, सुतळी कशात धरायची?"

त्यांनी चष्मा पुसला. नियमाची प्रत काढली. पाठपोट वाचली. "नियमात सुतळी नाही."

"मग लाल बांधू का?"

"खात्याने बांधलेला दोरा ऑफिसने बदलायचा नाही. कलम चार. आज तुम्ही सुतळीचा लाल कराल, उद्या लालाचा पांढरा कराल. मग कामाला अर्थ काय राहिला?"

"मग काय करू?"

"सुतळीचा वर्ग ठरवून मागा. टिपण लिहा. सुवाच्य लिहा. साहेबांची सही होऊ दे, मग हा कागद आपसूक मार्गी लागेल."

यात माझी सोय होती, हे मी लपवत नाही. कागदाची भीती वाटत होती, टिपणाची वाटत नव्हती. टिपण उद्या लिहायचं ठरवलं.

शुक्रवारी लिहायला घेतलं. 'विषय:' हा शब्द फार चांगला आला. तो खराब होऊ नये म्हणून पुढचं शनिवारवर ठेवलं. शनिवारी अर्धा दिवस. रविवारी सुट्टी.

रविवारी दुपारी आई भाकरी थापत होती. माझ्याकडं पाठ होती. तिनं पदर सारून पाठ दाखवली. "ज्ञानू, बघ रं, लाल झालीया का? भिंत लई तापती आताशा. गंगम्मा म्हनती, थंडीत बरं व्हतं, आता शेकून निघतोय."

पाठ लाल होती.

"आये, जागा बदलून घे की."

"घेऊ की. पाडवा होऊ दे, मग बघू."

मी तिच्याकडं बघत राहिलो. मी कुणावर गेलोय ते मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी मी टिपण पुरं करणार होतो. दोन वाजून वीस मिनिटांनी खिडकीशी सोमलिंग उभा राहिला. आगवाला बॉयलर सोडून आठवड्यात दोनदा कधी येत नाही. तो आला होता.

"तम्मा, माजा कागद?"

"आहे."

"कुटं हाय?"

"वर्गात."

"कसल्या वर्गात?"

"त्याचा वर्ग ठरतोय."

सोमलिंगनं खिडकीचा गज धरला. "वाफंचा काटा लाल रेघंवर गेलाय. तीनदा हातोडी मारली. वाल उघडंना."

"मग आग काढ ना भट्टीतली!"

"चिट्टी दे, काडतो. आग काडली की गिरनी थांबती. मागं एकदा बिगर चिट्टीची काडलीवती, महिनाभर घरी बशिवलं मला. आता बशिवलं तर पोरं काय खात्याल?"

"वेळ किती आहे?"

"ते बॉयलरला इचार," तो म्हणाला आणि पळत गेला. तेरा वर्षांत मी सोमलिंगला पळताना पाहिलं नव्हतं.

मी कागदाची सुतळी तोडली. तीनदा गाठ सुटली. चौथ्यांदा लाल दोरा बसला. कलम चार मोडलं. शिवशरणप्पा समोरच बसले होते, पण ते हजेरीची बेरीज करत होते आणि बेरीज करताना ते वर बघत नसत.

गिरणीच्या आवारात येऊन मी थांबलो. डाव्या हाताला साहेबांचा बंगला-ऑफिस, उजव्या हाताला रीळ खातं. आधी चिठ्ठी आणायची की आधी आई काढायची? आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढं दोनच कामं होती, दोन्ही खरोखर लाल, आणि मी आवाराच्या मधोमध उभा. चिमणीकडं बघितलं. धूर निघत होता, नेहमीसारखा, गुबगुबीत. मला वाटलं, धूर निघतोय म्हणजे बॉयलर अजून आहे. मग वाटलं, धूर तर कशातूनही निघतो.

उजवीकडं पळालो.

रीळ खात्यात आवाज असा की आपला विचारसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. तवा होता तो. आणि भिंत घुरघुरत होती, मांजर पोटाशी घेतल्यावर घुरघुरतं तशी.

"आये, ऊठ. बाहेर चल."

"का रं? कामाच्या टायमाला हितं कशाला आलास? मुकादम बगंल की."

"पोटात दुखतंय म्हण आणि चल."

"कुनाच्या? तुज्या का माज्या?"

शेजारच्या रहाटावरून गंगम्मा ओरडली, "बजाबाई, पोराचं लगीन ठरलं काय? येवडा घाम फुटलाय!"

"आये, भिंतीपलीकडं बॉयलर आहे."

"बारा वर्सं हाय की."

"बिघडलाय तो."

आईचा हात थांबला नाही, पण तिनं माझ्याकडं बघितलं. "मग तू हापिसात हायस न्हवं? सायबाला सांगितलंस का?"

मी हातातल्या कागदाची गाठ घट्ट केली.

"सांगितलंस का न्हाई?"

"सांगतोय."

"कवा?"

"आता."

"मग जा की मर्दा! हितं काय करतोस? मी ह्या धा लड्या काडते नि येते."

"आये, आत्ताच चल!"

"येते म्हनलं न्हवं!"

ते वाक्य मला ओळखीचं होतं. दिवसातून वीस वेळा मी ते खिडकीतून लोकांना म्हणायचो. त्याचा अर्थ काय असतो हे माझ्याइतकं सोलापुरात कुणाला ठाऊक नसेल.

साठ बायका होत्या. मोठ्यानं ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. गंगम्मा हसली, तिला वाटलं मी जांभई देतोय. मी पळालो.

साहेबांच्या दाराशी रावजी पट्टेवाला स्टुलावर बसला होता. पितळी बिल्ला, मिशा, आणि चेहऱ्यावर साहेब आत असल्याचा भाव.

"रावजी, आत जायचंय. आत्ता."

"लाल हाय का?"

"लाल आहे, हे बघा."

"नंबर?"

"कसला नंबर?"

"लाल कागदं आत बेचाळीस हायेत. तुमचा त्रेचाळीस. पाळी आली की बलिवतो."

"रावजी, बॉयलर फुटायला आलाय!"

"व्हय, समद्यांचंच कायतरी आलंय. मांजराचं दूध बगा, म्हैना झाला. मांजर थांबलंय की न्हाई? तुमी मानूस हायसा."

"याच्याहून जास्त निकडीचं असेल तर काय बांधायचं?"

रावजीनं खरंच विचार केला. "लालाच्या वर काय न्हाई बगा. लाल म्हंजी शेवट."

मी त्याला ढकललं. मी आजवर कुणाला ढकललेलं नाही, जत्रेतसुद्धा. दार उघडलं आणि आत गेलो.

खोलीत कुणी नव्हतं.

टेबलावर, खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर लाल दोऱ्यांचे गठ्ठे होते. वरच्या गठ्ठ्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, तेवढाच पांढरा दोरा. खुंटीवर साहेबांची टोपी नव्हती. पंखा बंद.

"साहेब कुठायत?"

रावजी दारात उभा राहून खालच्या आवाजात म्हणाला, "शिकारीला. शुक्रवारी सांजच्याला गेले. इंजनेरसायेब बी संगं गेलेत. परवा येनार. कुनाला बोलू नगा. सायेब न्हाईत म्हनून कळलं तर गिरनीत कोन काम करंल?"

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी दिसभर हितंच व्हते की. लई कटाळलेवते. मलाच तीनदा इचारलं, रावजी, कुनी आलंय का रं? म्या म्हनलं, न्हाई सायेब, कुनी न्हाई."

मला वाटलं मी तिथंच बसेन आणि पुन्हा उठणार नाही. तेवढ्यात लांबून गिरणीत काहीतरी धाडकन पडलं. मी डोळे मिटले. उघडले. खोली जागेवर होती. कुठंतरी नुसती सुताची पेटी पडली होती. पण त्या धाडकनमध्ये मी साठ बायकांची मोजदाद करून घेतली होती, आणि एकीपाशी अडलो होतो.

मी बॉयलरकडं पळालो. त्रेचाळीस नंबरचा कागद हातातच होता.

भट्टीपुढं उभं राहवत नव्हतं. बॉयलर तसा रोजच आवाज करायचा. त्यातला एक आवाज आज नव्हता. वाफ जास्त झाली की वरचा वाल फुसफुसायचा; त्या फुसफुसण्याला आम्ही सगळे वैतागायचो. आज वर एकदम गप्प होतं. मला आजवर ज्यांची भीती वाटली ते सगळे बोलणारे होते. गप्प असलेल्या लोखंडाची भीती काय असते ते मला ठाऊक नव्हतं. काटा लाल रेघेच्या पुढं गेला होता. सोमलिंग त्याच्याकडं बघत उभा होता. भुवया नसलेला माणूस घाबरला की कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तो लहान मुलासारखा दिसतो.

"चिट्टी?"

"साहेब शिकारीला गेलेत."

"आनि तुजी आई?"

"येते म्हणाली."

सोमलिंग भट्टीकडं वळला. फावडं हातात घेतलं, परत ठेवलं. मी वर बघितलं. छतापासून एक साखळी लोंबत होती, तिच्या टोकाला लाकडी मूठ.

"ती साखळी भोंग्याची ना?"

"व्हय."

"भोंगा कुणाच्या हुकमानं वाजतो?"

"तुमच्या. टाइम आपिसातनं घंटी झाली की म्या वडतो."

"त्याला चिठ्ठी लागते?"

"न्हाई. घंटी लागती."

टाइम ऑफिस तिथून दीडशे पावलं. मी काट्याकडं बघितलं. मग सोमलिंगकडं तोंड करून म्हणालो, "टण्ण. टण्ण. टण्ण."

सोमलिंगनं क्षणभर विचार केला. "टाइम आपिसाचा मानूस हायस न्हवं तू?"

"आहे."

"मग चालतंय," तो म्हणाला. आम्ही दोघं साखळीला लोंबकळलो.

भोंगा बाहेरून ऐकण्याची गोष्ट आहे. आतून तो ऐकू येत नाही, तो हाडांत शिरतो. सोमलिंगनं माझ्या कानाला तोंड लावलं. "आता गिरनी सुटली! सुटल्यावर आग काडाया चिट्टी लागत न्हाई!" आणि तो फावड्यानं भट्टीतला जळता कोळसा बाहेर ओढू लागला. ओढता ओढता मागं वळून ओरडला, "सोडू नगंस! इंजान थांबलं. आता वाफ खायाला तुजा भोंगाच हाय! सोडलास तर ग्येलो!"

म्हणजे असं होतं. जी वाफ वालातून जायची ती आता माझ्या हातातून जाणार होती. मी सोडणार नव्हतो. यात शौर्य काही नव्हतं. बोटंच उघडत नव्हती.

अकरा मिनिटं. मी साखळीला लोंबकळत होतो आणि समोर ती भिंत होती. पलीकडं काय चाललंय दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. आई उठली की नाही? दहा लड्या म्हणाली होती. एका लडीला किती वेळ लागतो? मी आयुष्यभर तिच्या लड्यांवर जेवलो आणि एका लडीला किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं. मी मनात लड्या मोजू लागलो. तिसऱ्या लडीला काटा तिथंच. पाचवीला तिथंच. तापलेल्या कोळशाच्या राशीनं माझं धोतर करपू लागलं. आठव्या लडीला काटा हलला, पुढं की मागं ते डोळ्यातल्या पाण्यामुळं कळेना. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून आलं, "विषय:". पुढचं आठवेना.

दहा लड्या झाल्या. अकरावी मी माझ्या पदरची घातली.

मग सोमलिंगनं माझी बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. "बस कर, तम्मा. काटा उतरला."

मी दाराबाहेर आलो. फाटकाबाहेर माणूसच माणूस. त्या गर्दीत लुगडी शोधत गेलो. गंगम्मा दिसली. आई दिसली नाही. गंगम्माला विचारायला तोंड उघडलं, पुन्हा आवाज नाही, आणि गंगम्मा पुन्हा हसली. तेवढ्यात मागून कुणीतरी पाठीत धपाटा घातला.

"आज लवकर सोडली व्हय रं गिरनी?" हातात भाकरीचं रिकामं फडकं घेऊन आई उभी होती.

"आये, लड्या?"

"सात झाल्या. भोंगा झाल्यावर कोन बसतंय?"

मी म्हटलं तर ती उठली नव्हती. भोंग्यानं म्हटल्यावर हातातलं सूत तसंच टाकून उठली. मी तिथं रस्त्यातच खाली बसलो. आईला वाटलं मला खरंच पोटात दुखतंय.

साहेब बुधवारी परत आले आणि चौकशी झाली. शिवशरणप्पा लिहून घ्यायला बसले.

"बॉयलर फुटला का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग भोंगा का वाजवला?"

"फुटू नये म्हणून."

"फुटणार होता, याला पुरावा?"

पुरावा द्यायचा तर रीळ खात्याची भिंत पडायला हवी होती. सोमलिंगचा कागद पुराव्यात घ्या म्हणालो. शिवशरणप्पा खेदानं म्हणाले की भट्टीपुढं सापडलेला तो कागद रावजीकडं जमा केला आहे, त्याचा क्रमांक त्रेचाळीस आहे, पाळी आल्यावर पुराव्यात घेता येईल. शिवाय त्याचा दोरा बदललेला आहे, कलम चार. तेव्हा त्यांचा आवाज कापत होता, हे मी सांगितलं पाहिजे. त्यांची धाकटी बहीणही रीळ खात्यात होती. शांतम्मा. मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी चौकशीभर एकदाही वर बघितलं नाही, आणि त्या दिवशी ते बेरीज करत नव्हते.

मला काढल्याचा हुकूम लाल दोऱ्यात बांधून आला. नियम निघाल्यापासून आजच्या आज सही झालेला तो पहिला कागद.

पुढच्या आठवड्यात वाल खोलला. आत क्षाराचा थर बसला होता, बोटाएवढा, सोमलिंग घरी येऊन सांगून गेला. नवा वाल बसवला. त्यासाठी कागद झाला नाही. मागचा कागद पाळीत असल्यामुळं नवा करता येत नव्हता. भिंत आता गार असते म्हणे. पाडवा झाला. मी आईला जागा बदलायला सांगितलं. ती म्हणाली, बघू.

मी आता घरी असतो. साडेपाचला भोंगा होतो. भोंगा झाला की आई कोपऱ्यावर दिसेपर्यंत मी दारात उभा असतो आणि लड्या मोजतो. एका लडीला किती वेळ लागतो ते आता विचारून घेतलंय. ती दिसली की आत जाऊन चूल पेटवतो, पण आधणाचं झाकण वाजू लागलं की झाकण काढून ठेवतो. भात कच्चा राहतो. आई रागावते.

काल बसून एक काम एका बैठकीत पुरं केलं. नक्कल इथं देतो.

मेहेरबान मॅनेजरसाहेब यांचे सेवेशी, मार्फत हेडक्लार्क, टाइम ऑफिस.

अर्जदार ज्ञानू येडू, माजी धाकटा कारकून, याची विनंती ऐसीजे: गुरुवार, तारीख ८ मार्च सन १९३४ हा दिवस, सकाळी सव्वाअकरा ते साडेअकरा एवढाच, अर्जदारास परत मिळावा. सदर पंधरा मिनिटांत अर्जदार पेन्सिलीस टोक काढणार नाही, रेघा मारणार नाही व दौतीत डोकावणार नाही. टेबलापासून साहेबांच्या दारापर्यंतचे अंतर दोनशे बारा पावले असून अर्जदाराने ते बाहेरच्या बाहेर मोजून खात्री केली आहे. साहेब त्या दिवशी खोलीत हजर व मोकळे होते, याबद्दल पट्टेवाला रावजी याची साक्ष घ्यावी. काम होताच दिवस जसाच्या तसा दप्तरी जमा करण्यात येईल. त्यातील दुपार व संध्याकाळ यांस अर्जदार हात लावणार नाही. अर्ज सुतळीत बांधला आहे, घरात दुसरा दोरा नाही. तरी सुतळीचा वर्ग ठरण्याची वाट न पाहता आजच्या आज हुकूम व्हावा, ही नम्र विनंती.